पूजेतल्या ठोकण्या

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. फौंड्रीच्या नळावर मी, तिथली कारकून, ठोकण्या धूत होते. साच्यात वाळू ठोकून बसवायचं हे लोखंडी हत्यार, प्रत्येक मोल्डरचं स्वतःचं. ते पूजेत मांडायचं आणि दसरा उलटेपर्यंत कुणी हलवायचं नाही. ज्याची ठोकणी पूजेत, त्याची नोकरी वर्षभर पक्की. ही पद्धत आमच्या मालकांची, अण्णांची. यंदा ते नव्हते, उन्हाळ्यात गेले.

अण्णा गडहिंग्लजकडचे. कपाळावर विभूती, तोंडात शिव्या. "तुला काढलं तर दुसरा कोण ठेवणार हाय, तम्मा?" प्रत्येकाला असं कानडीत 'धाकट्या भावा' म्हणत ते चारचौघांत ऐकवायचे. माणसं खाली मान घालून हसायची. काढलं मात्र कुणालाच नाही.

एकदा साचे करायचं मशीन विकणारा आला. "हे एकटं बारा माणसांचं काम करतं," म्हणाला. अण्णांनी त्याला दंडाला धरून मोल्डरांच्या पुढ्यात उभं केलं. "ही बसल्यात बघा. कुठली बारा नकोत, ते तुम्हीच सांगा त्यास्नी, पावणं." तो चहा न घेताच गेला. अण्णा दिवसभर खूश होते.

पुढं ऑर्डरी आटल्या. भट्टी आठवड्यातून एकदाच पेटायची, तरी पगार थांबले नाहीत. थांबलं ते अण्णांच्या मुलाचं पुण्यातलं इंजिनिअरिंग. तो रडला, तेव्हा मी तिथंच होते. अण्णा म्हणाले, "तू माझ्या घरात जेवतोस. ती माणसं कुठं जेवणार?" मुलगा उठून वाळू चाळायला गेला. त्यानंतर बापाशी तो कामापुरतंच बोलला. अण्णांना त्याचं काही वाटलेलं मला तरी दिसलं नाही.

आता तोच मालक. यंदाच्या पूजेला त्यानं स्वतः नारळ फोडला, एकेका ठोकणीला कुंकू लावलं. मग मला केबिनमध्ये बोलावलं.

"परवापासून गेटला कुलूप. मशीन येतंय. मोल्डरांना उद्या संध्याकाळी फोन करा."

"मग कुंकू कशाला लावलंत?"

"अण्णांनी मला कॉलेजातून काढलं, त्या दिवाळीलाही घरी मला ओवाळलंच होतं की."

मी बाहेर आले आणि मारुतीला, आमच्या सगळ्यात जुन्या मोल्डरला, सरळ सांगून टाकलं. त्याच्या तोंडात पेढा होता.

"चेष्टा करताय व्हय, बाई? मालकांनी सवताच्या हातानं कुंकू लावलंय. हत्यार पुजलंय म्हटल्यावर माणूस जातोय कुठं?"

बाकीचे हसले. अण्णा वर्षानुवर्षं पाळत आले होते, म्हणून त्यांना तो नियम फौंड्रीचा वाटत होता. तो एका माणसाचा होता, आणि तो माणूस आता नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेम्पो बोलावला. फौंड्रीच्या किल्ल्या माझ्याकडेच असतात. ठोकणी हाताला बसलेली असते; दुसरीकडं काम मिळालं तर तीच लागणार, आणि कुलूप पडल्यावर ती कुणी बाहेर दिली नसती. सगळ्या टेम्पोत घातल्या आणि आधी मारुतीकडं गेले. त्याच्या दाराला झेंडूचं तोरण होतं. माझ्या हातातली ठोकणी बघून त्याचा चेहरा उतरला.

"पूजेतनं हलवलासा?" तो म्हणाला. "आता गेली की नोकरी. तुम्ही घालवलासा, बाई."

आत त्याच्या बायकोनं विचारलं, कोण आलंय. त्यानं दार लावून घेतलं. मी ठोकणी उंबऱ्याबाहेर ठेवली आणि टेम्पोवाल्याला पुढचं घर सांगितलं.