मंत्र्याची सही, पक्षाची मंजुरी

विनय परचुरेने मला फसवलं. गैरसमज वगैरे काही नाही. समजूनउमजून फसवलं.

माझं वर्कशॉप अमेरिकेत, एडिसनला. अमेरिकन हॉस्पिटलं काढून टाकतात ती एक्स-रे मशीन मी रीफर्बिश करतो. म्हणजे उघडतो, खराब भाग बदलतो, तपासून पुन्हा विकतो. २००४च्या उन्हाळ्यात आफ्रिकेतल्या एका देशाला बारा मशीन हवी होती. समाजवादी देश, पक्ष एकच. परचुरे तिथे चार वर्षं शिकवून आलेला, म्हणून मी त्याला मध्यस्थ घेतलं.

दोघे आले. आरोग्यमंत्री आणि एक किडकिडीत, गप्प माणूस.

"हा कोण?" मी परचुरेला मराठीत विचारलं.

"पक्षाच्या ऑफिसातला. असाच बरोबर येतो. तुम्ही मंत्र्याला धरा शिंदेसाहेब, याला मी फिरवून आणतो."

मला पटलं. मी सांगलीत धंदा शिकलो. तिथे मंत्री धरला की फाइल हलते, पक्षाचा माणूस सतरंज्या उचलतो. दोन दिवस मी मंत्र्याशी घासाघीस केली. त्यांनी दोन वर्षांची वॉरंटी मागितली, मी एकावर आणली. मंत्र्याने हसत सही केली.

त्यांची वीज वेगळ्या व्होल्टेजची. मी बाराही मशीनचे ट्रान्सफॉर्मर बदलले, पॅनेलवरची अक्षरं त्यांच्या भाषेत केली. आता ती इथे कुणीही घेणार नव्हतं. आणि फॅक्स आला : ऑर्डर कॅन्सल.

मी थेट मंत्र्याला फोन लावला. आवाज चढलाच माझा.

"मिस्टर शिंदे," तो शांतपणे म्हणाला, "मी फक्त सरकारात आहे. परदेशी खरेदी पक्षाची समिती मंजूर करते. तुमच्याकडे आलेले गृहस्थ त्या समितीचे. तुम्ही त्यांच्याशी एक शब्द बोलला नाहीत. परचुरेंनी सांगितलं नाही?"

मग मला त्या देशाची रचना कळली. निवडणुकीत उमेदवार पक्षाचेच. मंत्री नेमतो पक्ष, काढतोही पक्ष. खात्याखात्यात पक्षाची समिती, तिच्यापुढे मंत्री म्हणजे हाताखालचा माणूस.

आणि त्या दोन दिवसांत परचुरेने त्या गृहस्थाला फिरवलं कुठे? फिलाडेल्फियाच्या दुसऱ्या सप्लायरकडे. त्या कंपनीत हा स्वतः पार्टनर!

मी त्याच्या घरी गेलो.

"यार, बिझनेस आहे," तो म्हणाला. "तुम्ही नीट विचारलं नाहीत."

"'हा कोण' यापेक्षा नीट कसं विचारतात रे?"

त्याने दार लावून घेतलं.

मशीन अजून शेडमध्ये पडून आहेत. दोन टेक्निशियन मला कमी करावे लागले. एकाचा व्हिसा माझ्याच नोकरीवर होता, तो बायकोपोरांसकट परत गेला. तेव्हापासून सौद्याला बसताना मी आधी एकच गोष्ट काढून घेतो : समोरच्या साहेबाला कामावरून कोण काढू शकतं?

पुढच्या महिन्यात इथल्या आमच्या मराठी मंडळात परचुरेचं भाषण आहे. विषय, त्याच देशाची राज्यव्यवस्था. मी पहिल्या रांगेत असेन. चार वर्षं जे पाहिलंस ते मला का सांगितलं नाहीस, परचुरे? उत्तर माइकवरून दे. आणि ते मिळेपर्यंत मंडळाच्या कमिटीने आभारप्रदर्शनाला उठू नये.