तिसऱ्या घंटेआधीचा फ्लेक्स

दशरथ परुळेकरने आयुष्यभर घरं उभी केली आणि प्रयोग संपला की तासाभरात पाडली. आमच्या नाटक कंपनीत तो नेपथ्य लावायचा. कापडावर रंगवलेल्या भिंती, खिडकीबाहेर रंगवलेलं आभाळ, आणि मधोमध एक खरंखुरं लाकडी दार. दार खरंच लागायचं, कारण दुसऱ्या अंकाच्या शेवटी मी ते रागाने आपटायचे आणि थिएटर दणाणायचं. घंटा द्यायचं कामही दशरथचंच. त्याची तिसरी घंटा झाल्याशिवाय पडद्याला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती.

श्रुतिका ही त्याची मुलगी. तिची आई सुलक्षणा माझे कपडे सांभाळायची, त्यामुळे दौऱ्यावर ही चिमुरडीही आमच्याबरोबर असे. एका दुपारी नेपथ्य लावून झालं होतं, प्रयोगाला वेळ होता. पोरगी ते दार ढकलून आत गेली आणि भोकाड पसरत बाहेर आली.

"मावशी, आत घरच नाहीये!"

मी तिला जवळ घेतलं आणि माझ्या ठेवणीतल्या आवाजात म्हटलं, "अगं, घर प्रेक्षकांच्या मनात असतं." हे वाक्य मी मुलाखतींतही म्हणायचे. तिथे लोक माना डोलवायचे.

तिने नाक पुसलं आणि विचारलं, "पण त्यांना सांगितलंय का, आत काही नाहीये ते?"

पुढे ही मुलगी आर्किटेक्चरला जाणार म्हणाली तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं.

आम्ही घाटकोपरला, पंतनगरात एकाच मजल्यावर राहतो. समोरासमोर दारं. तिची पाच वर्षं मी माझ्या उंबऱ्यातून पाहिली आहेत. दोन खोल्यांच्या घरात तिचे पुठ्ठ्याचे वाडे, पूल, शाळा वाढत गेल्या. सुलक्षणा कुरकुरायची, "बाई, आमच्याकडे आता माणसांनी बसायचं म्हणजे आधी शाळा उचलावी लागते." दशरथ मात्र खूश. कटर कसा धरायचा, सांधा कसा लपवायचा हे तो तिला दाखवायचा आणि ती म्हणायची, "सांधा लपवायचा नाही बाबा, दिसला पाहिजे." यावर दोघांची छान जुंपायची.

शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी तिने नाट्यगृह निवडलं. एक दिवस टेप घेऊन माझ्याकडे आली.

"मावशी, नऊवारी नेसायला किती जागा लागते?"

"जागा? आम्हाला जागा कुणी दिलीय गं? तुझी आई चादर धरायची, मी तिच्यामागे उभी राहायचे."

"तेच. नेसून दाखव."

या वयात, गुडघ्यांची तक्रार बाजूला ठेवून, मी तिच्यासाठी नऊवारी नेसले. ती माझ्याभोवती टेप घेऊन फिरत होती. कासोटा घालताना मागे हात किती जातो, निऱ्या करताना कोपर कुठे येतं. मी कित्येक वर्षांत कुणासमोर इतकी मन लावून उभी राहिले नव्हते. तिच्या नाट्यगृहात रंगमंचामागे बायकांसाठी ऐसपैस खोली होती, स्वच्छ संडास होते, आणि दशरथसारख्या माणसांना दोन घटका पाठ टेकायला बाकं होती. परीक्षकांनी म्हणे विचारलं, "मागची बाजू एवढी मोठी कशाला?" ती म्हणाली, "दार उघडून माणूस आत जातो, तिथे काहीतरी असायला हवं." पास झाली. चांगल्या मार्कांनी.

आणि मग नाक्यावर फ्लेक्स लागला.

आमच्या मंडळाचा कार्यकर्ता गुणाजी म्हणजे उत्साहाचा डोंगर. दशरथने त्याच्या कानावर बातमी घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा स्टँडच्या वर श्रुतिकाचा भलामोठा हसरा फोटो झळकला. 'हार्दिक अभिनंदन! आर्किटेक्ट कु. श्रुतिका दशरथ परुळेकर.' खाली शुभेच्छुकांची रांग. दशरथ नवा शर्ट घालून फ्लेक्सखाली असा उभा, जणू नाटकाचा नारळ फोडायला आलाय. मीही पेढा खात उभी होते.

श्रुतिका नुकत्याच लागलेल्या नोकरीच्या ऑफिसला निघाली होती. वर बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, हे उतरवा."

"कित्याक? फोटो बरो इलो नाय?" दशरथने त्याच्या मालवणीत विचारलं.

"उतरवा म्हणते ना!"

गुणाजी मध्ये पडला. "अगं, सगळ्या शुभेच्छुकांचे फोटो आहेत त्यावर. माझा तर गॉगलवाला आहे."

"गुणाजीकाका, तुमचा गॉगल राहू दे. 'आर्किटेक्ट' हा शब्द काढा. मी अजून आर्किटेक्ट नाहीये."

स्टँडवरचे रिक्षावाले मान वर करून फ्लेक्स वाचू लागले. दशरथ हळूच म्हणाला, "मगे पाच वर्सां काय केलंस?"

तिने समजावलं. डिग्री मिळाली म्हणजे झालं असं नसतं. दिल्लीच्या आर्किटेक्टांच्या कौन्सिलकडे नाव नोंदवायचं, तिथून नंबर यायचा, त्यानंतरच ते नाव लावता येतं. तोवर लावणं म्हणजे कायद्याने गुन्हा. तिचा अर्ज नुकताच गेला होता. "कुणी फोटो काढून तक्रार केली तर? माझी नोंदणीच अडकेल, बाबा!" बोलता बोलता तिचा मोबाइल वाजला. ऑफिसातल्या कुणीतरी फ्लेक्सचा फोटो टाकून विचारलं होतं, 'मॅडम, नंबर आला वाटतं?' तिने तो बापासमोर धरला आणि रडत निघून गेली.

त्या दिवसापासून समोरच्या घरात दोघांचं बोलणं बंद झालं. फ्लेक्स तसाच. मी दशरथला चहाला बोलावलं. कप हातात धरून तो म्हणाला, "बाई, माझ्या चेडवाक, श्रुतिकाक, माझी लाज वाटता."

"लाज नाही रे. तुला आपला तो नवा नट आठवतो? राजाचा मुकुट घालून कँटीनमध्ये भजी खायला गेलेला?"

दशरथच्या डोळ्यांत एकदम जुनी चमक आली. "आठवता तर! मानगुटीक धरून आत आणलंय. सांगितलंय त्याका, तिसरी घंटा होईस्तोवर राजा कोणाक दिसूचो नाय!"

"मग तुझ्या राजाला तू नाक्यावर कसं उभं केलंस?"

  तो कप तसाच ठेवून उठला, शिडी आणि फेविकॉल घेऊन नाक्यावर गेला, आणि त्या एका शब्दावर स्वतःच्या हाताने पांढरा कागद चिकटवला. पडद्याला ठिगळ लावावं तसा, एकही सुरकुती नाही. गुणाजी म्हणाला, "आता अभिनंदन कशाचं तेच कळत नाही." खरंच कळत नव्हतं. दिवसभर लोक सुलक्षणाला विचारत होते, "लग्न ठरलं का श्रुतिकाचं?"

श्रुतिकाने संध्याकाळी ते ठिगळ पाहिलं. जिन्यात मी तिला मुकुटवाल्या राजाची आठवण सांगितली. घरी आली, चपला काढल्या, आणि बापाजवळ बसून म्हणाली, "पहिली घंटा झालीय बाबा. अर्ज पोचला."

मग रोज तेच सुरू झालं. ती घरी आली की दशरथ एकच शब्द विचारायचा, "घंटा?" ती मान हलवायची. एक दिवस म्हणाली, "दुसरी. कागद तपासून झाले." फ्लेक्स केव्हाच उतरला होता, घडी करून माझ्या माळ्यावर पडला होता. दशरथ अधूनमधून येऊन, काहीतरी निमित्त काढून, माळ्याकडे बघून जायचा. फ्लेक्स खाली काढायला सांगायची मात्र त्याची छाती होत नव्हती. नंबर आलाच नाही तर, ही भीती त्याच्या पाठीत दिसायची.

एका गुरुवारी समोरच्या दाराची बेल वाजली. थांबली. पुन्हा वाजली. मी माझं दार उघडून पाहिलं, तर श्रुतिका बेलवर बोट ठेवून उभी, हसतेय आणि डोळे वाहतायत. तिने तिसऱ्यांदा बेल दाबली.

आतून दशरथचं धावणं ऐकू आलं. दार उघडलं. त्याने विचारायच्या आत तिनेच मोबाइल पुढे केला, "नंबर आला, बाबा. आता म्हणा काय म्हणायचं ते."

"आर्किटेक्ट," दशरथ म्हणाला. एवढंच. पण मी नामवंतांचे आवाज ऐकलेत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारे. तो शब्द माझ्यापर्यंत तसा पोचला.

फ्लेक्स खाली आला, जमिनीवर पसरला. दशरथने गुडघ्यांवर बसून ठिगळाचं टोक नखाने उचललं, अलगद ओढलं, आणि घात झाला. कागदाबरोबर खालची शाईही निघून आली. शब्दाच्या जागी पांढरा पट्टा.

"अरे देवा," सुलक्षणा म्हणाली. दशरथ तर कळवळलाच.

श्रुतिकाने बॅगेतून जाड पेन काढलं. फ्लेक्सवर पालथी पडून, जीभ दातांत धरून, तिने त्या जागी तो शब्द लिहिला. छापील नव्हे, नकाशाच्या कोपऱ्यात ते लोक लिहितात त्या सरळ, नेटक्या अक्षरात. खाली बारीक आपला नंबर घातला.

"चल, नाक्यावर लावूक," दशरथ उठला.

"नाक्यावर नाही बाबा. तिथे लावायला परवानगी लागते."

मग तो घरातच लागला. अख्खी भिंत व्यापली, वरचा काठ दुमडावा लागला, गुणाजीचा गॉगल कपाटामागे गेला. दशरथ शिडीवरून उतरला, चार पावलं मागे गेला, आणि जुन्या सवयीने मान तिरकी करून बघत राहिला, की कापड कुठे झोळ तर खात नाही ना.