भट्टीवर गेलेल्या बाई

फिरत्या बाई बोलू लागल्या की समोरच्याने थोडं मागे सरावं, कारण तोंडाआधी त्यांचे हात सुटायचे. बहिऱ्या मुलांना शिकवून सवयच जडली होती. किन्हवलीच्या एसटीत कंडक्टरलाही त्या खुणेनेच थांबा सांगत, आणि तोही बिचारा खुणेनेच सुट्टे मागे.

शहापूर तालुक्यात आमच्यासारख्या कितीतरी शाळा त्यांच्या वाट्याला होत्या. एसटी संपली की पुढे वाडीपर्यंत पायपीट. भत्ता मात्र एसटीपुरताच. "पुढचं चालणं सरकारला दिसत नाही, गुरुजी," असं म्हणून हसायच्या. त्यात हसण्यासारखं काय होतं, मला कधी कळलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर भांडलो असतो.

वाडीतली सोनी त्यांची लाडकी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. पाणी, भूक, आई, राग, सगळं बाईंनी तिला हातांनी सांगायला शिकवलं. रागाची खूण आल्यावर पोरगी दिसेल त्याला तीच दाखवत सुटली, मलासुद्धा.

दिवाळी झाली की वाडीतली बरीच घरं मुरबाडकडे वीटभट्टीवर जातात. सोनीही गेली. "शिकलेलं सगळं विसरेल हो," म्हणत बाई तिच्यामागे भट्टीवर जाऊन शिकवू लागल्या. नेमकी तेव्हाच ऐकू न येणाऱ्या मुलांची सरकारी मोजणी आली. अशी मुलं जिथे जितकी सापडतील, तितका तिथे शिक्षकांसाठी निधी. आमच्याकडे ना सोनी, ना बाई. दोघी मुरबाडला आहेत म्हटलं, तर मोजणीचे साहेब म्हणाले, मग मुरबाडने मोजावं. मुरबाडवाले म्हणाले, मुलगी तुमच्या पटावरची. दोघेही नियमाला धरूनच बोलत होते. मी डोकं धरून बसलो.

बाईंची नेमणूक शहराकडे हलली, जिथे संख्या भरते. तिथल्या मुलांनाही बाई हव्यातच, तेव्हा तेही चूक म्हणवेना. निघताना त्यांनी विचारलं, "मी इथंच थांबायला हवं होतं का हो, गुरुजी?" थांबल्या असत्या तर सोनीचं नाव मोजणीत लावून घ्यायला बाई इथे असत्या, पण सोनी शिकण्यात मागे पडली असती. फार जीव लावला होता बाईंनी तिला.

पावसाच्या तोंडावर वाडी परतली. सोनीचा बाप तिला घेऊन शाळेत आला. "बाई कवा येनार?"

"आता नाही येणार. वरती नोंद आहे, इथे असं मूलच नाही."

त्याने सोनीला दंडाला धरून माझ्या टेबलापुढे उभं केलं.

"मंग ही कोन हाय, गुरुजी?"