पिऊन गोळी नको

आमच्या मानसोपचार विभागातल्या मोठ्या सिस्टर तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ. मी तिथला केसपेपर लिहिणारा कारकून. वीस वर्षं त्यांची बोलणी खाल्ली आहेत, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. कानात आवाज येणारा आणि वर दारूही पिणारा पेशंट कुणालाच नको असतो. व्यसनमुक्तीवाले म्हणतात, आधी डोकं ताळ्यावर आणा; डोक्याचे डॉक्टर म्हणतात, आधी दारू सोडवा. माणूस नुसता टोलवला जातो. सिस्टर मात्र अशांना सोडत नाहीत. त्याबद्दल मला त्यांचं फार कौतुक आहे, पण ते तोंडावर सांगायची सोय नाही.

असाच एक वेल्डर. शेजारी भिंतीतून शिव्या देतात म्हणून रस्त्यावर धावत सुटला, आणि तीन महिन्यांत दुसऱ्यांदा भरती झाला. आता बरा होता. घरी सोडायच्या दिवशी त्याची आई माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "मी त्याला नेणार नाही. कुठे ठेवायचं ते तुम्ही बघा."

"का हो, मावशी?" सिस्टरांनी विचारलं.

"दारूचं एक वेळ सोसलं असतं. पण हा तोंडावर खोटं बोलतो. गोळी घेतलीस का विचारलं, की म्हणे सिस्टरनी सांगितलंय तश्शीच घेतो. आणि गादीखाली बघावं तर गोळ्यांची भरलेली पाकिटं."

सिस्टर तडक वॉर्डात गेल्या. मागोमाग आई आणि काम टाकून मीही. सिस्टरांनी वेल्डरला चांगलंच फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं ना, प्यायलास तर गोळीला हात लावायचा नाही. मी रोज प्यायचो. एकदाही हात लावला नाही."

प्यायल्यावर गोळी नको, हे वाक्य सिस्टर सगळ्यांनाच सांगायच्या. त्यांनी जाऊन डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, याची गोळी प्यायल्या दिवशीही चुकवायची नाही. किती प्यायला ते मात्र आम्हाला खरं सांगायचं.

सिस्टर परत आल्या. "मावशी, चूक माझी आहे. तो खोटं बोलत नव्हता."

त्यांच्या तोंडून 'चूक माझी' मी पहिल्यांदाच ऐकलं. मला वाईट वाटलं, आणि अभिमानही.

आई भडकली. "आणि मी तीन महिने याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणत आले!" मग ती खाटेच्या कडेला बसली. "आज गोळी घेतलीस?"

"घेतली."

तिने पुन्हा विचारलं नाही. उठली आणि त्याचे कपडे पिशवीत भरू लागली.