बाणाईला अश्विनी कुणी केलं?

बाणाईला तिच्या नवऱ्याने फसवलं. भर बैठकीत शब्द दिला आणि लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मोडला. माणूस गेल्यावर चांगलं बोलावं म्हणतात. बाणाईबद्दल मी चांगलंच बोलणार आहे. तिचा नवरा भाऊसाहेब, त्यांच्याबद्दल तसं बोलायचं मी कुणाला कबूल केलेलं नाही.

ती गेल्याचा फोन आला तेव्हा इंदापूरच्या माझ्या साड्यांच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी घासाघीस चालली होती. भाऊसाहेबांचा पुतण्या बोलत होता. "अश्विनीकाकू गेल्या." मी म्हटलं, "कोण अश्विनी? राँग नंबर," आणि फोन ठेवला. साडीची घडी घालताना हात थांबले... गिऱ्हाईक विचारत होतं, "मावशी, शेवटचं किती?" आणि मी पायऱ्या उतरून बारामतीची गाडी शोधत होते. दहाव्याला तिचे मामा कळसहून आले. त्यांना नीट दिसत नाही. कोपऱ्यावरचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतला आणि मला फोन लावला, "रशिदा, हितं दुसरीच कोन तरी बाई वारलीया. आपल्या बाणाईचं घर कुठं हाय?" मामांना हाताला धरून त्या फ्लेक्सखालून नेताना माझं डोकं जे तापलं, ते अजून उतरलेलं नाही.

आम्ही दोघी कळसच्या. माझ्या वडिलांचं किराणाचं दुकान, तिच्या आजोबांची मेंढरं. शाळेत आमच्या वर्गात तीन बाणाई होत्या. मास्तरांनी एकीला हाक मारली की तिघी उभ्या राहायच्या आणि वर्ग हसायचा. हे नाव आलं कुठून, ते मला तिच्या आजोबांनी सांगितलं. बाणाई धनगराची लेक. खंडोबाचं तिच्यावर मन बसलं, म्हणून देव म्हातारा गडी होऊन तिच्या बापाच्या घरी राहिला, मेंढरं राखली. एक दिवस सगळा कळप मरून पडला. बाप रडायला लागला तेव्हा देव म्हणाला, मेंढरं उठवतो, पण लेक मला द्यायची. ही गोष्ट ऐकून मी आजोबांना म्हटलं होतं, "हा तर सौदाच झाला की, आबा!" ते हसले. "व्हय, पन देवानं पाळला. मेंढरं उठली, मगच वरात निघाली." आमच्या भागातल्या धनगरांच्या घरोघरी बाणाई होती ती यामुळे. देवाने जिच्या दारात चाकरी केली, तिचं नाव लेकीला ठेवायचं, एवढा साधा मान.

तिची सुपारी फुटायची होती तेव्हा मी डोक्यावर गठ्ठा घेऊन कळंबपर्यंत साड्या विकत हिंडत होते. तिचे वडील, तात्या, भिडस्त. ते म्हणाले, "रशिदाला बसवा बैठकीत. तिला बोलता येतं." बाणाईने मला फक्त एक काम सांगितलं होतं, "बाकी काय बी दे गं रशे, पन माझं नाव बदलू देऊ नगं." आमच्यात निकाह झाला तरी बाईचं नाव तेच राहतं. त्याचा तिला हेवा वाटायचा. मी अट घातली. त्यांना लग्न बारामतीत हवं होतं, त्यांच्या सोयीने. आम्ही ते मान्य केलं आणि नाव बदलायचं नाही हे त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. भाऊसाहेब स्वतः म्हणाले, "शब्द आहे माझा."

पाठराखीण म्हणून मीच तिच्याबरोबर गेले. दुसऱ्या दिवशी तांदळाचं ताट आलं. भाऊसाहेबांनी अंगठीने त्यात लिहिलं, अश्विनी. मी उठले तशी सासू म्हणाली, "बाणाई म्हंजी जेजुरीच्या अर्ध्या गडावरची. देवाची दुसरी बायकू. आमच्या घरात दुसरेपनाचं नाव नगं." भाऊसाहेब हळूच म्हणाले, "ऑफिसात सांगायला बरं नाही पडत हो ते." खरं कारण हेच. तेही धनगरच, पण मेंढरं सोडून एक पिढी झाली होती, नोकरी होती, आणि ते नाव घेतलं की अंगाला लोकरीचा वास येत असावा. मी ताट उधळणार होते. बाणाईने माझं मनगट धरलं, "ऱ्हाऊ दे गं. तांदूळ धुतला की जाईल." सगळ्या बायका हसल्या... आणि मग तिला उखाणा घ्यायला लावला.

तांदूळ धुतला, नाव काही गेलं नाही. रेशनकार्डापासून भिशीपर्यंत ती अश्विनी झाली. मी मात्र त्यांच्या फाटकातून मुद्दाम ओरडायची, "बाणाई, ए बाणाई!" सासू खिडकी लावून घ्यायची. बाणाई पदर तोंडाला लावून हसत यायची. "हळू बोल की, भवाने! मेंढरं हाकती का?"

मग काळ फिरला. टीव्हीवर देवाची मालिका लागली, धनगर असल्याचं लोक छाती काढून सांगू लागले, आणि जुनी नावं नवी झाली. गेल्या वर्षी भाऊसाहेबांना नात झाली. सुनेने मोबाईलवर शोधून नाव काढलं, बाणाई. बारामतीत हॉल घेऊन बारसं केलं. भाऊसाहेबांनी माईक हातात धरून खंडोबाची सगळी कथा सांगितली. "आपल्या रक्तातलं नाव आहे हे!" टाळ्या झाल्या. पत्रिकेत आजीचं नाव होतं, सौ. अश्विनी. मी बाणाईकडे पाहिलं. ती पाळण्याची दोरी धरून उभी होती. मला म्हणाली, "बघ रशे, नाव चांगलं व्हतं की मग."

एवढंच म्हणाली. मी त्या हॉलमध्ये भांडायला हवं होतं की नको, याचा हिशोब मला अजून लागत नाही. रात्रंदिवस तेच.

बाजाराच्या दिवशी ती दुकानात यायची ती कधी सरळ आत यायची नाही. चप्पल काढून उंबऱ्यापाशी उभी राहायची, मी नावाने हाक मारेपर्यंत. घ्यायचं काहीच नसायचं. हाक ऐकायची, चहा प्यायची, जायची. आताही बारामतीची गाडी आली की मी गल्ल्यावरून मान वर करते आणि तोंडातून हाक निघते. गिऱ्हाइकं वळून बघतात.

भाऊसाहेब, पेपरची ही पुरवणी तुमच्या घरी येते, मला ठाऊक आहे. तेव्हा चारचौघांत विचारते. नाव वाईट होतं, तर नातीला का ठेवलंत? आणि चांगलं होतं, तर जिचं होतं तिच्याकडून का काढून घेतलंत? शब्द तुम्ही मला दिला होता. उत्तर घेऊन इंदापूरला या. मी दुकानातच आहे.