सविताच्या कथेचा शेवट आणि डाळमिलच्या शुभेच्छा

मंडळी, आज भोकरची सविता दिवाळी अंक घेऊन लातूरला माझ्याकडे आली. अंकात तिची पहिली कथा आहे. ती चारदा लिहायला लावून मीच तिला छळलं होतं.

हरवलेली मुलगी घरी परतते, तो शेवटचा परिच्छेदच गायब. तिथे डाळमिलच्या शुभेच्छा!

संपादकांना फोन लावला. "सर, जाहिरात ऐनवेळी आली. पण शेवट मोकळा सोडला म्हणून वाचक लई खूश हायेत."

सविता म्हणाली, "आईला वाचून दाखवली, सर. तिला वाचता येत न्हाई. पोरगी आली का, विचारून राहिली. आली म्हणलं, तर म्हणती, कुठं छापलंय, बोट ठेवून दाखव."

इतकी वर्षं संस्कृत शिकवलं, एक सुभाषित आठवेना.

तुम्हीच सांगा, बोट कुठे ठेवायचं?