चार नंबरचा ढीग

फोन आला तेव्हा मी क्रांती चौकात रिक्षात अडकले होते. सिग्नल सुटत नव्हता, रिक्षावाला पुढच्याला शिव्या घालत होता, आणि पलीकडून सलीम म्हणाला, "काकू, अब्बा गेले." माझ्या तोंडून निघालं, "कोणत्या ढिगापाशी?" सलीम म्हणाला, "ढिगापाशी नाय काकू, घरीच. च्या प्यायले आन् खाटंवर आडवे झाले." माणूस घरात, आपल्या खाटेवर जातो यात नवल ते काय? पण हमीदभाईंच्या बाबतीत मला ते खरंच वाटेना. गेली कित्येक वर्षं मी त्यांना रस्त्याच्या कडेला, हातात फावडं घेतलेलं, असंच बघत आले होते. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. रडून झालं आहे. आता लिहायला बसले आहे, कारण मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती दिल्याशिवाय मी उठणार नाही.

आमचं गाव शेंद्र्याच्या पुढं, डांबरी सोडली की अडीच किलोमीटर आत. लग्न होऊन इथं आले आणि थोड्याच दिवसांत गावचं टपाल माझ्याकडं आलं. घराची ओसरी म्हणजेच पोस्ट. त्याच सुमारास शहरातल्या छावणीत भरती लागली होती. हमीदभाई निवडले गेले आणि पार हिमालयात, सीमेवरचे रस्ते उघडे ठेवणाऱ्या खात्यात डोझर चालवायला गेले. त्यांच्या अम्मांना अक्षरओळख नव्हती, आणि हमीदभाई शिकलेले गावच्या मराठी शाळेत. त्यामुळं पत्र मराठीत यायचं, मी ते वाचायचे आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत अम्मांना समजावायचे. "बर्फ मने क्या गे बेटी? गोलेवाला?" त्यांनी पहिल्याच पत्राला विचारलं. मी तरी कुठं पाहिला होता! दिलं ठोकून, "हां अम्मा, गोलेवालाच. पर बहुत सारा." मग अम्मांना दिवसभर पोराच्या सर्दीची काळजी.

पत्रात खुशालीच्या दोन ओळी, बाकी सगळा रस्ता. थंडी लागायच्या आधीच वळणावळणाला वाळूचे ढीग घालायचे, प्रत्येक ढिगापाशी रंगवलेला दगड आणि त्यावर नंबर, कारण बर्फ पडल्यावर वाळू हुडकत फिरायला सवड नसते. आधी बर्फ ओढून काढायचा, मग वाळू टाकायची. उलटं केलं की दोन्ही वाया. सगळ्यात आधी दवाखान्याचा रस्ता, मग रेशनच्या गाड्यांचा, साहेबाचा बंगला शेवटी. अम्मा हे सगळं मन लावून ऐकायच्या, जणू उद्या त्यांनाच डोझरवर बसायचं आहे. एका पत्रावर मात्र वरतीच लिहिलेलं होतं, "वहिनी, हे अम्माला वाचू नका." त्या सकाळी त्यांच्यापुढं दोन रस्ते होते, एक सोपा, एक चढाचा. त्यांनी सोपा आधी काढला. चढावरच्या वस्तीतली माणसं एका आजारी बाईला पाठीवर घेऊन कमरेएवढ्या बर्फातून खाली निघाली, आणि ती बाई वाटेतच गेली. "कुणी मला बोललं नाही," त्यांनी लिहिलं होतं. "बोलले असते तर बरं झालं असतं. यापुढं अवघड रस्ता आधी." अम्मांना मी वेगळंच काहीतरी वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "इत्ताच?" मी म्हटलं, "इत्ताच."

नोकरी संपवून हमीदभाई गावी परतले आणि पहिल्याच उन्हाळ्यात हातगाडी घेऊन टेकडीवरचा मुरूम वाहायला लागले. गावापासून डांबरीपर्यंत सात अवघड जागा त्यांनी हेरल्या, सात ढीग घातले, सात दगड पांढरे रंगवून त्यावर नंबर टाकले. ढीग भरला की फावड्याच्या पाठीनं वरून तीनदा थोपटायचा, ही त्यांची तिकडचीच सवय. गावाला तर आयताच विषय मिळाला. पारावरून कुणीतरी ओरडायचं, "काय हमीदभाई, बर्फ कवा पडनार?" ते थांबायचे नाहीत, चालता चालताच म्हणायचे, "बर्फ पडो न पडो, चिखल तर हाय ना!" आणि खरंच होतं ते. आमच्या काळ्या रानातला रस्ता श्रावणात असा निसरडा होतो की मोटारसायकली जनावरासारख्या बसतात. तिथला चिखल ओढून ते मुरूम पसरायचे. पण गावात रस्त्याकडेचा मुरूम म्हणजे ज्याचं घमेलं त्याचा. कुणी गोठ्यात नेला, कुणी न्हाणीपुढं टाकला. आणि मी... माझ्या पोस्टाच्या अंगणात चिखल व्हायचा म्हणून घरापासून हाकेच्या अंतरावरच्या चार नंबरच्या ढिगातून चांगली पंधरा घमेली आणली. ते पुन्हा भरतीलच, असं मनाशी म्हटलं. पण त्या हिवाळ्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, वजन उचलायला डॉक्टरांनी मनाई केली, आणि ढीग तसाच राहिला.

त्यानंतरच्या फाल्गुनात गहू कापणीला आला होता. आमच्या यांचं, गावाच्या भाऊंचं, तेव्हा आठवड्यातून दोनदा शहरात डायलिसिस असायचं. मागची पाळी नात्यातल्या एका लग्नाच्या गडबडीत आम्हीच चुकवली होती, त्यामुळं पाय सुजलेले, आडवं पडलं की दम लागत होता. त्या दुपारी काही झालं तरी पोचायचंच होतं. आणि बाराच्या ठोक्याला आभाळ फुटलं. लिंबाएवढ्या गारा, अर्धा तास. थांबल्या तेव्हा सगळं शिवार पांढरं आणि रस्ता घोट्याएवढ्या बर्फाखाली गेलेला. शेजारचा अंकुश, त्याच्या जीपनं आम्ही नेहमी जायचो, तरीही निघाला. चार नंबरच्या उतारावर जीप आडवी झाली आणि नालीत तोंड घालून बसली. कुणाला लागलं नाही. यांना मी कडुलिंबाखाली पोत्यावर बसवलं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

तेवढ्यात हमीदभाई हातातल्या काठीनं गारांचा थर चाचपत आले. जीपकडं एकदा बघून अंकुशला म्हणाले, "ट्रॅक्टर आण. आन् गोठ्यावरचा तो लांब वासा, साखळी." अंकुशचा बांध तिथंच फुटला. "माझा चार एकर गहू झोपला, हमीदभाई! बायको रानात बसून रडायलीय, आन् तुमी रस्ता काय झाडायलात?" हमीदभाईंनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "गहू आज उठनार नाय रे अंकुश. भाऊ उठतील." अंकुशनं डोळे पुसले आणि ट्रॅक्टर आणायला गेला. आधी साखळीनं जीप वर ओढली. मग वासा ट्रॅक्टरमागं बांधताना हमीदभाईंनी एक साखळी लांब, एक आखूड ठेवायला लावली. "तिरपा बांध. सरळ बांधला तर गारा म्होरंच साचत्यात, तिरपा बांधला की कडंला जात्यात." आणि सगळ्यात आधी तो उतारच काढायला घेतला. अवघड आधी. पांढऱ्या थराखालून काळा रस्ता दिसायला लागला, पण ओला, गुळगुळीत. आता मुरूम हवा होता. हमीदभाई चार नंबरच्या दगडापाशी गेले. तिथं ढीग कसला, दोन ओंजळी. त्यांनी त्या ढिगाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"वहिनी, अंगण कसं हाय?"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. पण लाजायला वेळ कुठं होता? पदर खोचला, घरी पळाले, कुदळ घेतली आणि माझं चोपून केलेलं अंगण उकरायला लागले. हमीदभाईंनी गल्लीतल्या बाया-माणसांना हाका मारल्या. लोक विचारायला लागले, हे काय चाललंय? तर हा माणूस सगळ्यांना सांगतो, "वहिनींनी मुरूम घरी जपून ठिवला व्हता. पोस्टाची बाई हाय, पुढचं बघती." मी खाली मान घालून उकरत राहिले. घमेली हातोहात उतारापर्यंत गेली. पुढचा रस्ता तासाभरात डांबरीपर्यंत मोकळा झाला, आणि संध्याकाळी उजेड होता तोवरच हे दवाखान्यात मशीनवर होते. त्यानंतर हे तीन वर्षं जगले. नातीला चालताना पाहिलं, तिच्याशी भांडले, पत्त्यांत हरले. ती तीन वर्षं हमीदभाईंनी त्या रस्त्यावरून खेचून आणलेली आहेत, हे मी कुणाहीपुढं सांगेन.

आणि गावानं मला काय मान दिला! वहिनी दूरदृष्टीच्या. वहिनींनी मुरूम राखला म्हणून भाऊ वाचले. मी ते सगळं मुकाट्यानं घेतलं. हे गेल्यावर, दिवसकार्य झाल्यानंतर हमीदभाई भेटायला आले, तेव्हा मात्र राहवलं नाही. म्हटलं, "हमीदभाई, तो मुरूम मी चोरला होता." ते चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "मला काय म्हाईत नव्हतं व्हय? मी बी एकदा सोपा रस्ता आधी काढला व्हता. तुमी अम्माला वाचलं नाय, मी गावाला सांगितलं नाय. फिट्टमफाट." आणि हसले. अम्मांना जाऊन तेव्हा किती वर्षं झाली होती... मला वाटत होतं, ते पत्र त्यांच्या लक्षातही नसेल.

ते गेले ते ऐन उन्हाळ्यात, ढीग भरायच्या दिवसांत. सलीम शेंद्र्याच्या कारखान्यात शिफ्टला जातो, त्यानं एक, दोन, तीन भरले. मी त्याच्याकडं फावडं मागितलं आणि सांगितलं, चारला हात लावायचा नाही. गेल्या आठवड्यात सकाळी हातगाडी घेऊन टेकडीवर गेले. पाच खेपा झाल्या. गुडघे बोंबलत होते, त्यांना म्हटलं बोंबला. पाचव्या खेपेला अंकुश जीप थांबवून म्हणाला, "काकू, ह्या वयात हे काय?" मी म्हटलं, "अंकुश, नीट ऐक. गारांच्या दिवशी तो मुरूम मी जपून ठेवला नव्हता. इथून चोरून नेला होता." अंकुशनं इंजिन बंद केलं. म्हणाला, "म्हाईत हाय की काकू. घमेल्यातून सांडलेल्या मुरमाची रेघ थेट तुमच्या दारापर्यंत व्हती. समद्या गावानं बघितली. हमीदभाईनं दम दिला व्हता, वहिनीला कुणी बोलायचं नाय म्हून." मी त्या दगडावर बसले आणि रडले. मग तो जीपमधून उतरला आणि शेवटची गाडी आम्ही दोघांनी ओतली.

माझ्या अंगणात अजून तो उकरलेला खड्डा आहे. पावसात तिथं पाणी साचतं, पोस्टात येणारे तो चुकवून येतात. तो मी बुजवणार नाही. चार नंबरचा ढीग आता कमरेला लागतो. त्या सकाळी अंकुश गेल्यावर मी फावडं उलटं धरलं आणि वरून तीनदा थोपटलं.